पाच ग्लास

काठाच्या बोटभर खाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टाकलेलं होतं—काही ठिपके घासून बुजलेले, काही अजून बोटाला लागणारे—आणि शुभदानं ते अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपलं: चि. संघदीप यास मामाकडून, त्याखाली १९९५. स्टीलचा ग्लास, जाड बुडाचा, वर रुंद होत गेलेला, अशा घरांमधून असतो तसा… अशा म्हणजे कशा? प्रश्न तिचा तिलाच पडला आणि तिनं अंगठा काढून घेतला. सिस्टरांच्या टेबलावर, इंजेक्शनचा ट्रे आणि केसपेपरांचा गठ्ठा यांच्या मधोमध, तो सकाळी आठपासून उभा होता. जाता-येता सगळ्यांना दिसत होता आणि कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. लक्ष होतं ते एकट्या शुभदाचं.

मथुराबाईनं तो तिथं आणून ठेवला होता. अकरा नंबरच्या खाटेवरच्या भीमराजची ही बायको, पन्नाशी उलटलेली, काटक, बोलायला कमी. काल संध्याकाळच्या गाडीनं दिग्रसला घरी गेली होती, आज पहिल्या गाडीनं यवतमाळला परत आली. पिशवीत नवऱ्याचे धुतलेले कपडे, फडक्यात भाकरी आणि टॉवेलात गुंडाळलेला हा ग्लास. भांडायला आली असती तर शुभदाला बरंच वाटलं असतं. भांडणाऱ्या नातेवाइकांना कसं गप्प करायचं हे चोवीस वर्षांच्या नोकरीत तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण ही भांडायला आलीच नव्हती. तिनं टॉवेल उलगडला, ग्लास पदरानं पुसला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सिस्टरबाई, ह्याच ग्लासानं देल्लं त्यायले. पाचच. तुमी पाहून घ्या." कोर्टात साक्षीदार उभा करावा तसा तिनं तो उभा केला आणि खाटेकडे निघून गेली. "ठेवा, बघते," असं शुभदा म्हणाली होती, मान वर न करता.

पाच ग्लास हे शब्द मुळात शुभदाचेच होते. भीमराजला पहिल्यांदा सुट्टी झाली तेव्हाचे, दोन आठवड्यांपूर्वीचे. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर म्हणून राबलेला हा माणूस, हृदय अशक्त झालेलं, चार पायऱ्या चढला की धाप लागायची, पावलांवर सूज यायची. अंगात पाणी साठू द्यायचं नाही हेच त्याचं मुख्य पथ्य. डॉक्टर मंदारांनी कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं: दिवसभरात द्रव पदार्थ एकूण १००० मिली. ते समजावून सांगायचं काम शुभदाचं. त्या दुपारी एकदम चार जणांना सुट्टी होती, फोन वाजत होता, कुलर बंद पडलेला होता… ही सगळी कारणं तिची आज सकाळपासून तीन-चारदा मोजून झाली होती आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा हलकीच भरली होती. समोर ही बाई, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी पिशवी धरून एकेक शब्द झेलायला उभी. शुभदानं कार्डाकडे बघितलं, बाईकडे बघितलं, आणि मनातल्या मनात हजाराला दोनशेनं भागलं. पाच ग्लास, मावशी. चहा, ताक, वरणाचं पाणी, सगळं धरून पाच. वर एक घोट नाही. वॉर्डातला ग्लास दोनशेचा. तिच्या डोळ्यांपुढं तोच होता. मथुराबाईच्या डोळ्यांपुढं कुठला ग्लास आहे, हे विचारायचं तिला सुचलंही नाही.

आणि सोमवारी भीमराज परत आला होता. ऑटोतून उतरवून दोघांनी धरून आणलेला, आडवं पडता येत नाही म्हणून बसल्या-बसल्या श्वास ओढणारा, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहणारा. काट्यावर उभं केलं. घरी जाताना अठ्ठावन्न किलो चारशे होतं ते चौसष्ट किलो शंभर. पावणेसहा किलो वाढ, आणि ती सगळी पाण्याची. डॉक्टरांनी विचारलं, पथ्य सांगितलं होतं ना? बाकी कुणी तोंड उघडायच्या आत शुभदा म्हणाली होती, सांगितलं होतं सर, अगदी स्पष्ट सांगितलं होतं. मग ती मथुराबाईकडे वळली. वॉर्ड भरलेला होता, सगळ्या खाटा ऐकत होत्या, आणि तिचा आवाज—तिला आता तो स्वतःच्या कानांनी ऐकू येत होता—चढलेला होता. "पाच ग्लास म्हणजे पाच ग्लास, मावशी. तुम्हा लोकांना कितीही सांगा, घरी गेलं की आपलंच खरं."

पाचच देल्ले, असं काहीसं मथुराबाई पुटपुटली होती. ते कुणी मनावर घेतलं नाही. शुभदानं केसपेपरवर नोंद केली: नातेवाइकांनी पाण्याचे पथ्य पाळलेले नाही. खाली सही. तिचं अक्षर सुरेख होतं, पहिल्यापासूनच.

तुम्हा लोकांना… म्हणजे कुणाला म्हणाले मी? पेशंटच्या नातेवाइकांना. खेड्यापाड्यातून येणाऱ्यांना. कुणालाही. ते तर आम्ही सगळ्याच म्हणतो, दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण तेव्हा संघदीप तिथं उभा होता, भीमराजचा एकुलता एक मुलगा, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला, शिफ्ट अर्धी टाकून युनिफॉर्मवरच धावत आलेला. आणि त्या दोन शब्दांसरशी त्यानं शुभदाकडे पाहिलं होतं. क्षणभरच. त्या शब्दांचा त्यानं जो अर्थ घेतला तो त्याला नवा नव्हता, शाळेपासून ऐकत आलेला माणूस जसं पाहील तसं त्यानं पाहिलं. मी तसं म्हणाले नव्हते. नव्हतेच का? कार्डावरचं मिली सोडून मी ग्लासावर कशी आले मग—या बाईला मिली कळायचं नाही, हे मी कशावरून ठरवलं? तिच्या पदरावरून? पिशवीवरून? नावावरून? इथं शुभदाचा विचार दर वेळी अडत होता आणि दर वेळी तिचे कान तापत होते.

त्या क्षणानंतर संघदीपनं नजर वळवली. सिस्टरला तो काही बोलू शकत नव्हता, बाप तिच्या हाती होता. मग तो आईवर कडाडला. "तुले एक काम सांगतलं होतं, माय. एक. तेबी झालं नाई तुह्यानं." सुट्टी झाली की बाबाला मी लोहाऱ्याला माझ्या घरी नेतो, तुझी सून प्रियंका करेल त्यांचं सगळं, तू दिग्रसलाच राहा, तुझ्यापाशी मी त्यांना आता ठेवत नाही—असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. मथुराबाई खाटेचा दांडा धरून उभी होती. एकतीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला पाणी पाजायच्या लायकीची ती राहिली नव्हती. शुभदानं तेव्हा काय केलं होतं? शेजारच्या खाटेच्या सलाईनचे थेंब मोजले होते, घड्याळाकडे बघत.

आज शुक्रवार. भीमराजची सूज उतरली होती, संध्याकाळी त्याला सोडायचं होतं. संघदीप चार वाजता ऑटो घेऊन यायचा होता.

ग्लास तिनं नऊ वाजता मोजला. वॉर्ड जरा निवांत झाल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत नेला, दार लोटून घेतलं—दार लोटायचं काय कारण होतं?—आणि नळाखाली काठोकाठ भरला. काठोकाठच भरायला हवा होता. ज्या घरात माणसाला मान असतो तिथं त्याच्यापुढं अर्धा ग्लास कुणी ठेवत नाही. तिच्या माहेरीही नव्हते ठेवत. मग ते पाणी तिनं मापाच्या जारमध्ये ओतलं. पाणी दोनशेची रेघ ओलांडून वर गेलं, अडीचशे, तीनशे, आणि शांत झालं तेव्हा ती खाली वाकून, डोळे रेघेच्या पातळीत आणून—असंच वाचायचं असतं, वरून वाचलं की चुकतं, हे ती मुलींना शिकवते—बघत राहिली. तीनशे ऐंशी. तिनं ओतून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा मोजलं. पाणी काही तिच्यासाठी कमी व्हायला तयार नव्हतं. तीनशे ऐंशी गुणिले पाच. एकोणीसशे. एक लिटर सांगायचं होतं तिथं मी त्या माणसाला रोज दोन लिटर पाजलं. मथुराबाईच्या हातानं पाजलं, आणि मग तिलाच झापलं.

लाज वाटली. शब्द साधा आहे, पण वाटली ती तीच. खोलीत कुणी नसतानाही शुभदानं पदर सावरावा तसा एप्रन नीट केला.

नर्सिंगच्या मुलींना वर्ग घेताना तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: चमचा हे माप नाही, वाटी हे माप नाही, ग्लास हे माप नाही. मुली हसायच्या. मग ती घरून आणलेले चार चमचे टेबलावर मांडायची आणि चारहीत पाणी भरून दाखवायची, एकात तीन मिली, एकात सात… आणि मुलींचं हसू मावळायचं. मोठी मजा वाटायची तिला त्यात. हे वेड वडिलांकडून आलेलं. नीळकंठराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जिल्हाभर बाजार फिरायचे, वजनं-मापं तपासून त्यांच्यावर शिक्का मारायचे, आणि सुट्टीत कधीकधी शुभदाला बरोबर न्यायचे. पांढरकवड्याच्या बाजारातला तो तेलवाला… ती तेव्हा दहा वर्षांची असेल. वडिलांनी त्याचं लिटरचं माप हातात घेतलं, आतून बोट फिरवलं. पिशवीतून आपलं सरकारी माप काढलं, पाण्यानं भरलं आणि त्याच्या मापात ओतू लागले. त्याचं माप भरलं, आणि वडिलांच्या मापात अजून पाणी शिल्लक होतं, आणि ते ओततच राहिले. पाणी काठावरून उतू गेलं, गल्ल्यावरून खाली रस्त्यावर आलं, भोवतीची माणसं बघत होती. बूड ठोकून आत घेतलेलं माप होतं ते. शुभदाला ते पाणी फारसं आठवत नव्हतं. आठवत होता तो तेलवाला. तो हसत होता. काय साहेब, जुनं माप हाय, असं म्हणत हसत होता, आणि कान लालभडक झाले होते. दहा वर्षांच्या शुभदाला त्याची मनस्वी चीड आली होती. चीड येणं किती सोपं असतं दहाव्या वर्षी.

अकरा वाजता डॉक्टर मंदार राउंडला आले. तरुण माणूस, कामाला चोख, रागावला तरी आवाज न चढवणारा. ग्लास टेबलावरच होता. शुभदानं ठरवलं होतं, आता सांगायचं. वाक्यही जुळवलं होतं: सर, मी मोजून पाहिलं, चूक माझी झाली. खाटांमागून खाटा झाल्या, सहा, सात, नऊ, आणि वाक्य दर वेळी पुढच्या खाटेवर ढकललं गेलं. अकरा नंबरपाशी ते म्हणाले, छान, पाच किलो उतरले, आज सोडूया; घरच्यांना पुन्हा नीट सांगा. मथुराबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं शुभदाकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, नुसती वाट पाहणं होतं. डॉक्टरांना दोन खाटा पुढं नेल्यावर शुभदा म्हणाली, सर, मला वाटतं त्यांच्या घरचा ग्लास मोठा असावा.

डॉक्टर थांबले. "मग चूक सांगणाऱ्याची. मी मिली लिहून दिलं असताना ग्लास कुणी सांगितला?"

"त्या दिवशी ड्यूटीवर जी असेल तिनं सांगितलं असेल, सर."

हे वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही. जुळवलेलं तर नव्हतं. इतकं गुळगुळीत, इतकं तयार निघालं की जणू चोवीस वर्षं ते आत कुठंतरी घडी घालून ठेवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना समज द्या. हो सर, ती म्हणाली, आणि हसली. ओठांवरचं ते हसू ओठ मिटल्यावरही जागचं हलेना, आणि मग तिला समजलं की हे हसू तिनं पाहिलेलं आहे, पांढरकवड्याच्या बाजारात. त्याचे कान का लाल झाले होते तेही तिला आता समजलं.

यानंतरचे दोन तास ती कामाला जुंपलेल्या बैलासारखी फिरत राहिली. इंजेक्शनं दिली, चादरी बदलून घेतल्या, इनटेक-आउटपुटचे तक्ते भरले: पाणी १५०, चहा ८०, लघवी ४००, सगळं मिलीत, सगळं चोख. कागदावर कुणी तिच्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. कार्डावर १००० मिलीच लिहिलेलं होतं, ते कार्ड त्यांच्याकडेच होतं, मुलगा शिकलेला होता, वाचायचं होतं त्यानं. ग्लास हा शब्द हवेत बोललेला, त्याला पुरावा नाही. चार वाजता हे लोक… ही माणसं—निघून जातील. भीमराज लोहाऱ्याला, मथुराबाई दिग्रसला. रिकाम्या घरात हा ग्लास फळीवर पालथा पडेल, आणि ती बाई मरेपर्यंत समजत राहील की नवऱ्याला आपणच मारायला निघालो होतो. कसं, ते तिला कधीही कळणार नाही, कारण तिनं मोजून पाचच दिले होते.

भीमराजची नाडी बघायला गेली तेव्हा त्यानंच विषय काढला. मथुराबाई औषधं आणायला खाली गेली होती. तो उशीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला होता. "सिस्टर, पोरगं उगाच बोलते तिले," तो म्हणाला. "लय कडक बाई हाय ते. म्या हात जोडले तिले, तरी सहावा ग्लास देल्ला नाई." आणि तो हसला, बायकोच्या कडकपणाचा त्याला अभिमानच होता. शुभदा त्याच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होती. पंधरा सेकंद झाले, तीस झाले, आकडा हुकला. तिनं पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

दोन वाजता तिनं चार्ज दिला. चप्पल बदलली, पर्स घेतली. घरी जाऊन जेवायचं होतं, कुलर लावून तासभर पडायचं होतं. टेबलाशी येऊन तिनं अकरा नंबरचा केसपेपर काढला, सोमवारची नोंद वाचली, पेनाचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. मग ग्लास उचलला आणि मागच्या व्हरांड्याकडे गेली.

पेशंटचे नातेवाईक जिथं जेवायला बसत तो हा व्हरांडा. एका टोकाला पिण्याच्या पाण्याचा कुलर, समोर निंबाची सावली, आणि तिच्यापलीकडे डोळ्यांना सोसवू नये असं ऊन. मथुराबाई एकटीच भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर फडकं, त्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सिस्टरबाईला पाहून ती उठू लागली. शुभदानं तिला खांदा धरून बसवलं आणि स्वतःही खाली, फरशीवर, बसली. तिथं ती या आधी कधी बसली नव्हती.

"मावशी, हा ग्लास मी मोजला. तीनशे ऐंशी मिलीचा आहे. आमच्या इथला दोनशेचा असतो, आणि मी तो धरून तुम्हाला पाच सांगितले. तुम्ही पाचच दिलेत. पण ते दुप्पट झालं. तुमचं काही चुकलं नाही. मी चुकीचं सांगितलं, आणि वर तुम्हालाच बोलले."

बोलून झालं. वाटलं होतं तितकं ते लांबही नव्हतं. मथुराबाईच्या हातातला घास तसाच राहिला. ग्लासाकडे बघत ती म्हणाली, म्हणजे मीच जास्त दिलं. नाही मावशी, असं शुभदा म्हणाली, पण मथुराबाईचं आपलं तेच: पन ग्लास तं माह्याच घरचा ना. तिला यातून बाहेर काढायला दोन-तीनदा सांगावं लागलं, आणि सांगताना दर वेळी शुभदाला पुन्हा म्हणावं लागलं की चूक माझी. ते वाक्य सवयीनं सोपं होत नव्हतं.

मग मथुराबाई सांगू लागली, शुभदाला म्हणून नव्हे, ग्लासाला सांगावं तसं. रोज सकाळी ती वाटीत पाच चिंचोके टाकायची. एक ग्लास दिला की एक चिंचोका बाहेर. चहासुद्धा ह्याच ग्लासात, म्हणजे मोजणी चुकायला नको. चौथ्या दिवशी पाच चिंचोके दुपारीच संपले, आणि बाहेर हे असं ऊन. नवरा रडला पाण्यासाठी. तीस वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं तिनं. तो माठापाशी जाईल म्हणून तिनं माठ शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, आणि त्याला पाणी दिसू नये म्हणून स्वतःही दिवसभर पाणी प्यायली नाही. पाप करून राह्यली असं वाटे, ती म्हणाली.

मथुराबाईनं हातातला घास फडक्यात ठेवला.

"मले मिली सांगतलं असतं तं समजलं असतं, बाई. म्या अकरा वर्सं शाळेत खिचडी शिजोली. लहान पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ, मोठ्यामागं दीडशे. तेलाचं मिलीचं माप अजून हाय घरी, खिळ्याले टांगलेलं."

तिनं ते सहज सांगितलं. टोमणा मारायचा म्हणून नाही, माहिती म्हणून; आणि शुभदाला वाटलं, टोमणा असता तर पेलला असता. रोज शाळाभर पोरांचा तांदूळ ग्रॅममध्ये मोजणारी ही बाई. घरात खिळ्याला मिलीचं माप टांगलेलं, आणि ज्या ग्लासानं नवरा मरणाच्या दारात गेला तो त्याच भिंतीच्या फळीवर… फक्त विचारायचं होतं. मावशी, मिली कळतं का? चार शब्द. वर्गात चमचे मांडून मुलींना चकित करणाऱ्या बाईंना हे चार शब्द सुचले नव्हते, कारण उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. चूक दोनशे आणि तीनशे ऐंशीची नव्हतीच. शुभदाला तिथं बसवेना आणि उठवेना.

"हे माह्या संघदीपले सांगान का तुमी?" मथुराबाई म्हणाली. "माह्या सांगन्यानं त्याले पटत नाई."

"सांगते. तो आला की सांगते."

मथुराबाईनं मान हलवली. भाकरीचं फडकं बांधलं, गाठ मारली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी, हलक्या आवाजात, म्हणाली, "चारचौघात नोका सांगू, बाई. इकडे एका बाजूले घेऊन सांगा. तुमाले कसंतरी वाटन."

ती खाटेकडे गेली. शुभदा तिथंच बसून राहिली. अडीच वाजले, तीन वाजले. नव्या ड्यूटीवरची सिस्टर येऊन विचारून गेली की मॅडम, तुम्ही घरी नाही गेलात? जाते, ती म्हणाली. तुमाले कसंतरी वाटन… सोमवारी भरल्या वॉर्डात मी तिचं वस्त्र उतरवल्यासारखं बोलले, आणि ती मला आडोसा देऊन गेली. सकाळपासून मी जो आडोसा शोधत होते तो. लोटलेलं दार, दोन खाटा पुढं नेलेले डॉक्टर, ड्यूटीवर जी असेल ती. आता तो आयता मिळाला होता, तोही तिच्या हातून, आणि शुभदाला तो घेववत नव्हता. घेतला नाही तर काय होईल हेही तिला ठाऊक होतं. वॉर्ड ऐकेल. डॉक्टरांपर्यंत जाईल, आणि मग अकरा वाजताचं ते दुसरं वाक्यही उघडं पडेल, जे पहिल्या चुकीपेक्षा वाईट होतं. उद्या मुलींचा वर्ग होता.

तिला तहान लागली होती. ती उठली, कुलरपाशी गेली, हातातलाच ग्लास नळाखाली धरला आणि काठोकाठ भरेपर्यंत थांबली. जड लागला. उभ्या-उभ्या ती प्यायला लागली, श्वास घ्यायला थांबली, पुन्हा प्यायली, पुन्हा थांबली. पाणी संपत नव्हतं. भीमराज असे पाच प्यायला होता, आणि सहाव्यासाठी त्यानं हात जोडले होते.

पायऱ्यांवर बूट वाजले. संघदीप होता, आज साध्या कपड्यांत, खांद्यावर बापाची रिकामी पिशवी, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. सिस्टरला पाहून त्याचा चेहरा मिटला. माय कुठं हाय, एवढंच तो विचारणार होता, तोंड उघडलंही होतं; मग त्याची नजर खाली आली, तिच्या हातावर. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

"हा तं माह्या लहानपनचा ग्लास हाय. तुमच्यापाशी कसा?"

व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. हीच ती एक बाजू, मथुराबाईनं दाखवलेली. दोन मिनिटांत सांगून होईल असं निवांत. आत, उघड्या दारातून, सगळ्या खाटा दिसत होत्या, अकरा नंबरपाशी कपड्यांची घडी घालणारी मथुराबाई दिसत होती. शुभदाचे कान तापलेलेच होते. ते हसू मात्र या वेळी आलं नाही. "आत चला, संघदीप," ती म्हणाली, "बाबांपाशी. सांगते." त्याला पुढं घालून तीही दाराकडे निघाली, सांडू नये म्हणून ग्लास दोन्ही हातांनी धरून. त्यात अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं आणि तिची तहान केव्हाच भागली होती.